सगळं नॉर्मल

साक्षीदार सरजाबाईंनी पाणी मागितलं तेव्हा दुपारचे तीन वाजले असतील. शिपाई बन्सीधर यांनी स्टीलचा ग्लास त्यांच्या हातात दिला आणि कठड्याला एका हाताने धरून त्या सावकाश पाणी प्यायल्या. कोर्टात त्या वेळी कुणीच बोलत नव्हतं. जज मॅडम कागद उलटत होत्या, आरोपीचे वकील पुढच्या प्रश्नावर पेन्सिलीने खूण करत होते, आणि साक्ष टाइप करायला संगणकापुढे बसलेल्या स्टेनो मनिषाला त्या म्हाताऱ्या गळ्यातून पाणी खाली उतरल्याचा आवाज स्पष्ट ऐकू आला. एवढंच झालं. त्या आवाजापाठोपाठ तिने सवयीने आपलाही आवंढा गिळायला घेतला, आणि तो गिळलाच गेला नाही. गिळायचं कसं हेच विसरल्यासारखं झालं. तिने पुन्हा प्रयत्न केला. घशात काही अडकलेलं नव्हतं, पण घसाही आपला वाटेना. मग छातीत काहीतरी एकदम सुटलं आणि धावायला लागलं. बोटं आकडली. कीबोर्डवरची तिच्या दोन्ही हातांच्या बोटांची रांग, जी सतरा वर्षं न बघता चालत होती, ती आता कुणा दुसऱ्याच बाईची तिथं ठेवून दिल्यासारखी दिसत होती. सरजाबाईंचं उत्तर लिहून घ्यायला सांगणारा मॅडमचा आवाज आला, "घ्या. माझी मुलगी विहिरीत सापडली हे मला शेजारच्या बाईने येऊन सांगितले." वाक्य ऐकू आलं, कळलंही, पण ते कानापासून बोटांपर्यंतच्या वाटेवर कुठंतरी हरवलं. आपण मरतोय, असं तिला शांतपणे आणि पक्कं वाटलं. इथं, या खुर्चीवर, या बाईच्या साक्षीच्या मधोमध. चालू कोर्टातून कुणी न विचारता उठत नाही. ती उठली, खुर्ची मागं आपटली, आणि दाराकडे चालत गेली. सरजाबाई आपल्याकडे बघतायत एवढं तिला दिसलं. त्यांच्या डोळ्यांत नवल नव्हतं.

बाहेर व्हरांड्यात वकिलांचे काळे कोट, झेरॉक्सवाल्याच्या मशीनचा उजेड, जामिनासाठी आलेल्या बायका, भिंतीला टेकलेली कुणाची तरी म्हातारी, हे सगळं काचेपलीकडे असल्यासारखं झालं होतं. मार्चचं ऊन पायरीपर्यंत आलं होतं. ती पायरीवर बसली. मागून बन्सीधर आले. पुकारा करताना ज्यांचा आवाज गेटबाहेरच्या चहाच्या गाड्यापर्यंत जायचा, ते वाकून हळूच म्हणाले, "ताई, काय व्हायलंय?" तिने छातीवर हात ठेवला. त्यांनीच तिच्या मोबाइलवरून तिच्या नवऱ्याला, पंडितला फोन लावला. पंडित कृषी विद्यापीठात प्रयोगशाळेत होता, माती तपासायचा. दहा मिनिटांत तो मोटरसायकलवर आला, आणि हिला पाठीमागं बसवावं की रिक्षा करावी याचा विचार करत दोन मिनिटं नुसताच उभा राहिला. त्याचा चेहरा पांढरा पडला होता. त्या क्षणी तिला त्याची दया आली होती, हे तिला नंतर बरेच दिवस आठवत राहिलं.

खाजगी दवाखान्यात तिच्या छातीवर, पायांवर गार चिकट बिल्ले लावले. मशीनमधून कागद निघाला. मग रक्त, मग सोनोग्राफी, दुसऱ्या दिवशी पट्ट्यावर चालायची तपासणी. डॉक्टरांनी कागद उजेडाकडे धरला. "सगळं नॉर्मल आहे. टेन्शन घेऊ नका." पंडितने जो श्वास सोडला तो खोलीभर ऐकू गेला. संध्याकाळपर्यंत त्याने सगळ्यांना फोन केले, भावाला, मेहुण्याला, विद्यापीठातल्या मित्रांना. "काही नाही हो. सगळं नॉर्मल हाय. थोडं गॅसेसचं." तो दर वेळी तेच वाक्य म्हणायचा आणि दर वेळी थोडं जास्त हसायचा. पलंगावर पडल्या पडल्या ती ऐकत होती. कुणीतरी आपल्याला खोटं पाडतंय असं तिला वाटत होतं. हृदयात काही सापडलं असतं तर बरं झालं असतं, असा विचार मनात आला आणि तिला स्वतःचीच भीती वाटली. सापडलं असतं तर त्याला नाव असतं, गोळी असती, पथ्य असतं, लोकांनी नारळपाणी आणलं असतं. आता काहीच नव्हतं, आणि जे काहीच नव्हतं त्याने तिला चालू कोर्टातून उठवून पायरीवर आणून बसवलं होतं.

ती कामावर गेली. चार दिवस बरे गेले. पाचव्या दिवशी भाजी घेताना, गवारीचा ढीग समोर असताना, परत. मग बँकेच्या रांगेत. मग कशानेच नाही, नुसतं कूकरची शिट्टी होऊन गेल्यावरच्या शांततेत. दर वेळी पंधरा-वीस मिनिटं, आणि दर वेळी ती मरत होती, खरोखर मरत होती, आणि मग मेली नव्हती. पण त्या वीस मिनिटांपेक्षा बाकीचा दिवस वाईट होता. बाकीचा सगळा दिवस ती स्वतःवर पाळत ठेवून असायची. मनगटावर बोट ठेवून ठोके बघायची. कोर्टात बसताना दाराच्या बाजूला खुर्ची सरकवून घ्यायची. जिन्यावर गर्दी असेल तर मागच्या जिन्याने जायची, मग मागच्याही जिन्याने जायला नको वाटायला लागलं. साक्ष घेताना तिचं लक्ष शब्दांवर नसायचं, साक्षीदाराच्या गळ्यावर असायचं. दोनदा चुका झाल्या. एकदा "पाहिले नाही" मधला "नाही" तिने गाळला. मॅडमनी वाचताना पकडला म्हणून बरं. त्या फक्त म्हणाल्या, "मनिषाताई, बघून." त्या रागावल्या नाहीत, पण एका "नाही"वर माणूस आत जातो की सुटतो हे त्या दोघींनाही माहीत होतं. पुढच्या आठवड्यात महत्त्वाच्या साक्षीला मॅडमनी दुसऱ्या कोर्टाचा स्टेनो बोलावून घेतला. तो आपल्या खुर्चीत बसलेला तिने व्हरांड्यातून पाहिला. त्याने खुर्ची दाराजवळून पुन्हा मूळ जागी ओढून घेतली होती.

या नोकरीपाशी ती कशी आली होती? ताडकळसहून. वडील ती अकरा वर्षांची असताना गेले. नांदेडला ऑपरेशनला म्हणून नेलं आणि परत आणलं ते जीपमध्ये झाकून. माय, गीताबाई, शाळेत खिचडी शिजवायची आणि सुट्टीत दुसऱ्यांच्या रानात खुरपायला जायची. मनिषा बारावीनंतर परभणीला मुलींच्या वसतिगृहात राहिली. टायपिंगच्या क्लासला सकाळी सहाच्या बॅचला कुणी नसायचं म्हणून सर तिला दोन मशीन वापरू द्यायचे. लघुलेखनाच्या रेघा ती वसतिगृहाच्या भिंतीवर बोटाने गिरवायची, ताटातल्या वरणात गिरवायची. नेमणुकीचं पत्र आलं त्या दिवशी माय विहारात गेली आणि सगळ्यांसमोर हात जोडून बराच वेळ उभी राहिली. खानदानातली पहिली सरकारी नोकरी. त्या खुर्चीत तिने सतरा वर्षं लोकांच्या साक्षी लिहिल्या. साक्ष साक्षीदाराच्याच तोंडून लिहायची असते, म्हणून सगळ्या "मी"ने सुरू होतात. मी शेतात होते. मी ओरडण्याचा आवाज ऐकला. मी धावत गेले. मला नवऱ्याने रॉकेल ओतून. मी माझ्या मुलीला ओळखले. एवढ्या सगळ्यांची दुःखं तिच्या बोटांतून गेली होती आणि तिला वाटायचं, गेली. पाच वाजता ती डबा पिशवीत टाकायची, मेथीची जुडी घ्यायची, घरी यायची.

एप्रिलमध्ये तिने न्हाणीघराची कडी लावणं सोडलं. एका रविवारी दुपारी पंडित बाहेर गेला होता. घरात ती आणि नववीतली नीलम. अंगावर दोन तांबे घेतले आणि भिंती जवळ आल्या. ती ओल्या फरशीवर बसली. तिने हाक मारली, "नीलम." पोरगी दारापाशी आली. "काय गं मम्मी?" "काही नाही. तिथंच थांब. बोल काही तरी." "काय बोलू?" "काहीही. बोलत राहा. थांबू नको." दाराच्या फटीतून तिला पोरीच्या पायाची बोटं दिसत होती. नीलमने उद्याच्या चाचणीचा भूगोलाचा धडा म्हणायला सुरुवात केली. वाऱ्याचे कार्य. वाऱ्यामुळे होणारी झीज. वाळवंटी प्रदेशात वारा वाळूचे कण वाहून नेतो. तिचा आवाज मध्येच कापायचा आणि ती परत नेटाने पहिल्यापासून म्हणायची. मनिषा पाण्यात बसून ऐकत होती. ते ओसरल्यावर ती कपडे घालून बाहेर आली. नीलम तशीच उभी होती, नजर दारावर, दोन्ही हातांनी स्वतःचाच फ्रॉक घट्ट धरून. "तू मरणारेस का?" तिने विचारलं. "नाही," मनिषा म्हणाली. पोरीने मान हलवली, पण तिचा विश्वास बसला नव्हता. दवाखान्यातल्या कागदावर जसा मनिषाचाही बसला नव्हता.

त्या रात्रीच्या जेवणाआधी तिने पंडितला सांगितलं, "मला दुसऱ्या डॉक्टरला दाखवायचंय. मनाच्या." तो कांदा चिरत होता. चिरायचा थांबला. "डोक्याच्या?" "मनाच्या म्हणलं मी." "मनिषा, सगळे रिपोर्ट नॉर्मल आलेत. तू इचार लय करतीस. चार दिवस गावाकडं जाऊन ये. अन् कोर्टात कुणाला कळलं तर? तुला तिथं बसवतील का परत? लोक काय एक नाव ठेवतील?" तो वाईट माणूस नव्हता. तो घाबरलेला होता, आणि घाबरल्यावर त्याचा आवाज चढायचा. "अहो, आताही कुठं बसवायलेत," ती म्हणाली. तो परत कांदा चिरायला लागला, खूप बारीक, लागणार होता त्याच्या दुप्पट.

सोमवारी मधल्या सुट्टीत ती रेकॉर्ड रूमच्या मागं एकटी उभी होती, भिंतीला पाठ लावून, कारण पाठीमागं काहीतरी पक्कं लागत होतं. बन्सीधर विडी ओढायला तिकडं आले. त्यांनी विडी पेटवली नाही. "ताई," ते म्हणाले, "एक बोलू का? रागावू नका." तिने मान हलवली. "त्या दिवशी पायरीवर तुमचं तोंड बघितलं अन् मी वळखलं. मला लॉकडाऊनच्या नंतर सुरू झालं. भाऊ गेला न्हाई का माझा, त्या साली. पुकारा करायला तोंड उघडलं की आवाजच निघायचा न्हाई. वाटायचं, हितंच पडतो. दोन महिने मी घशाच्या डॉक्टरकडं हिंडलो." ते दुसरीकडे बघत बोलत होते. "मग?" "मग काय. सरकारी दवाखान्यात जातो. मंगळवारी. गोळी हाय, अन् एक मॅडम बसतेत बोलायला. घरी म्हणतो, बीपीची गोळी हाय." "कोर्टात कुणाला माहीत आहे?" "आता तुम्हाला." ते जरा हसले. "उद्या मी जायलो. तुमी दुसऱ्या रिक्षानं या. मी तुमाला वळख दावणार न्हाई तिथं. पण मी असन."

ते खरंच तिथं होते. केसपेपरच्या रांगेत सहा माणसं पुढं, पांढरा गणवेश बदलून चौकड्याचा शर्ट घातलेले. त्यांनी मागं वळून बघितलं नाही. बाकावर एक तरुण आपल्या आईच्या खांद्यावर डोकं ठेवून बसला होता, एक बाई एकटीच ओठ हलवत होती. मनिषाला वाटलं, उठावं. आपण या लोकांतले नाही. मग तिला वाटलं, सतरा वर्षं कोर्टाच्या बाकावर बसलेल्यांकडे बघून आपल्याला हेच वाटत आलंय. डॉक्टर तरुण होते. त्यांनी आधीचे सगळे कागद नीट बघितले, थायरॉइडची एक तपासणी लिहिली, आणि म्हणाले, "याला पॅनिक अटॅक म्हणतात. यानं माणूस मरत नाही. पण मरतोय असं वाटतं ते खोटं नसतं, ते तुम्ही खरंच भोगलंय." त्या दुसऱ्या वाक्यावर तिच्या डोळ्यांतून पाणी आलं, आणि ती पदराने पुसत राहिली.

बोलायला बसणाऱ्या बाईंचं नाव श्रद्धा. मनिषापेक्षा दहा वर्षांनी लहान, टेबलावर फाइल्स, पंखा कुरकुरणारा. "काय होतं ते सांगा," ती म्हणाली. मनिषाने खुर्चीत ताठ बसून सुरुवात केली, "दिनांक बारा मार्च रोजी दुपारी अंदाजे तीन वाजता मी कोर्ट हॉलमध्ये कामावर हजर होते. त्यावेळी साक्षीदाराने पाणी मागितले." श्रद्धाने तिला चार-पाच वाक्यं बोलू दिली. मग हळूच म्हणाली, "मनिषाताई, शपथेवर नका सांगू. मागंपुढं झालं तरी चालेल." मनिषा थांबली. मग तिला काहीच सांगता येईना. शेवटी तिच्या तोंडून जे आलं ते सरजाबाईंबद्दल नव्हतं की वडिलांबद्दल नव्हतं. "माझी पोरगी दाराबाहेर उभी राहून धडा म्हणत होती," ती म्हणाली, आणि मग रडणं आवरेना. निघताना श्रद्धाने तिला श्वास सोडायचा कसा ते शिकवलं, घेण्यापेक्षा सोडायचा जास्त वेळ. आणि सांगितलं, येतंय असं वाटलं की लपवू नका, जवळ जो असेल त्याला सांगा. "जो असेल त्याला?" "हो. लपवण्यात निम्मी ताकद जाते."

गोळीने सुरुवातीला तोंड कोरडं पडायचं, झोप जड व्हायची. झटके थांबले नाहीत, विरळ झाले. पंडितने गोळीचं पाकीट पाहिलं आणि परत जागेवर ठेवलं. एका मंगळवारी मात्र त्याने विचारलं, "सोडू का दवाखान्यापर्यंत?" आणि गेटच्या बरंच अलीकडे, औषधाच्या दुकानासमोर गाडी उभी केली. तिथून ती चालत गेली.

मेच्या सुट्टीत ती मायला भेटायला ताडकळसला गेली. पंडित म्हणाला होता त्या अर्थाने नाही, तिला सांगायचं होतं म्हणून. कुणाला तरी पुरतं सांगायचं होतं. माय उंबऱ्यात बसून तीळ निवडत होती. मनिषाने सांगितलं, कोर्टातलं, भाजीबाजारातलं, न्हाणीघरातलं. गळा, बोटं, भिंती. माय ऐकत होती. तिचा हात सुपात थांबला, पुन्हा चालू झाला. "डाव्या अंगाला मुंग्या येत्यात का?" तिने विचारलं. "येतात." "अन् वाटतं, पळत सुटावं. पण पळायचं कुठं ते कळत न्हाई." मनिषा तिच्याकडे बघत राहिली. आणि तिला आठवलं, वडील गेल्यानंतरच्या वर्षी माय दुपारी घरामागं जायची आणि लिंबाच्या खोडाला दोन्ही हातांनी धरून उभी राहायची. विचारलं तर म्हणायची, ऊन लागलं. "तुला व्हायचं, माय?" "तुझा बाप गेल्यावर. वाटायचं, आता जीव चालला. मग थोड्या टायमानं परत चुलीपाशी जायचे. तुला शाळेत जायचं असायचं." "किती दिवस?" "दिवस कुठले. पाच-सात वर्सं." "अन् कुणालाच सांगितलं न्हाईस?" मायने सूप खाली ठेवलं. "कुणाला सांगू? घरात तूच व्हतीस. अकरा वर्साची."

मनिषाने सुपातले चार तीळ उचलून मुठीत घेतले. मग तिने विचारलं, "आता येतं का?" "येतं कधीमधी. आता त्येच्यातबी पैल्यासारखा जोर राह्यला न्हाई." माय हे विनोदाने म्हणाली असावी, पण हसली नाही. "चल माझ्यासंगं परभणीला. त्या मॅडम चांगल्या आहेत. नुसतं बोलायचं." "मी न्हाई येत." "माय." "मला आता उकरायचं न्हाई काही. तू जायलीस ना? तू जा." तिने पुन्हा सूप उचललं, आणि मनिषाने किती विनवलं तरी त्या विषयावर परत बोलली नाही. तीस वर्षं तिने ज्याला नाव दिलं नव्हतं त्याचं नाव लेकीने परभणीहून आणलं होतं, आणि तिला ते नको होतं. कदाचित फार उशिरा आलं होतं. निघताना माय स्टँडपर्यंत आली आणि एसटी सुटेपर्यंत थांबली. गाडीने वळण घेतलं तेव्हा ती परत फिरली होती, लहान दिसत होती, एका हाताने पदर डोक्यावर धरून.

एसटी भरलेली होती. मनिषाला खिडकी मिळाली होती, शेजारी एक पोक्त बाई, मांडीवर गाठोडं, हातावर गोंदण. गाडी गावाबाहेर पडली, दोन्ही बाजूंना नांगरून टाकलेली काळी रानं, आणि मनिषाच्या डोळ्यांपुढे लिंबाचं खोड धरलेले दोन हात. पाच-सात वर्षं. तेव्हाच घसा गेला. आवंढा अर्ध्यावर राहिला. बोटं आकडायला लागली. गाडी थांबवावी, उतरावं, पळावं. ओळखीचं कुणी नव्हतं. बन्सीधर नव्हते, श्रद्धा नव्हती, दारापलीकडे नीलम नव्हती. तिने एकदा खिडकीबाहेर बघितलं, मग शेजारी वळली. "मावशी," ती म्हणाली, आणि आवाज इतका बारीक आला की तिला पुन्हा म्हणावं लागलं. "मावशी, मला घाबरल्यासारखं व्हायलंय. मला हे होतं. माझा हात धरता का जरा?"

बाईने तिच्याकडे नीट पाहिलं. काय झालं, कुठली तू, कुणाची, काहीच विचारलं नाही. गाठोडं पायाशी ठेवलं आणि तिचा आकडलेला हात आपल्या दोन्ही खरबरीत हातांत घेतला, रानात काम करणाऱ्या बाया पाखराचं पिल्लू धरतात तसा, घट्ट पण दाबून नाही. मनिषा श्वास सोडत राहिली. घेण्यापेक्षा सोडायचा जास्त वेळ. छाती धावतच होती. खांब मागं जात होते. बाईचा अंगठा तिच्या मनगटावर एका जागी स्थिर होता.

एका फाट्यावर कंडक्टरने घंटी मारली. बाईने बाहेर बघितलं. "माझं गाव आलं, बाई," ती म्हणाली. तिने लगेच हात सोडला नाही. गाडी पुरती थांबेपर्यंत धरून ठेवला, लोक उठले, पुढचे उतरले, कंडक्टर ओरडला, तेव्हा तिने तो मनिषाच्या मांडीवर परत ठेवला. "येते. बस नीट." गाठोडं घेऊन ती गर्दीतून गेली. गाडी सुटली. अजून ओसरलं नव्हतं. निम्मंसुद्धा ओसरलं नव्हतं, आणि परभणी अजून बारा-तेरा किलोमीटर होतं. शेजारच्या रिकाम्या जागेवर एक माणूस येऊन बसला आणि त्याने पेपर उघडला. मनिषाने दोनदा श्वास सोडला. मग ती त्याच्याकडे वळली.

"भाऊ," ती म्हणाली.